संगणक का बंद पडला? : नोंदींच्या आधारे कारणशोध

कार्यालयातील एखादे यंत्र बंद पडले की, पहिला प्रश्न विचारला जातो तो "कोणी बंद केले?" हा. वास्तविक पहिला प्रश्न "का बंद पडले?" हा असावयास हवा. या दोन प्रश्नांतील अंतर केवळ शब्दांचे नाही. पहिल्या प्रश्नातून संशय निर्माण होतो आणि दुसऱ्यातून उपाय सापडतो. आज ग्रामपंचायती, शाळा, मामलेदार कचेऱ्या व सहकारी संस्था यांचा बहुतेक कारभार संगणकावर चालतो. घरपट्टीची पावती असो, जन्ममृत्यूची नोंद असो की विद्यार्थ्याचा दाखला असो, संगणक मध्येच बंद पडला की ग्रामस्थाची खेप फुकट जाते आणि त्याचा रोष समोर बसलेल्या कर्मचाऱ्यावर निघतो.

अशा वेळी सत्य काय ते सांगणारा एक साक्षीदार यंत्राच्या पोटातच बसलेला असतो. संगणक स्वतःच्या कामकाजाची नोंदवही अहोरात्र लिहीत असतो. ती कशी उघडावी, कशी वाचावी आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नोंदवहीची परंपरा

नोंदवही ठेवण्याची प्रथा संगणकाहून फार जुनी आहे. पोलीस ठाण्यातील दैनंदिनी, दुकानातील रोजकीर्द, कचेरीतील आवक-जावक वही आणि वीज उपकेंद्रातील तासातासाची नोंद ही सारी तिचीच रूपे होत. संगणकाच्या नोंदींना 'लॉग' म्हणतात. हा शब्द दर्यावर्दी लोकांकडून आलेला आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडीत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजीत. त्या लाकडाच्या तुकड्यावरून वेगाची नोंद ज्या वहीत होई, तिला 'लॉगबुक' हे नाव पडले. मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांवरही अशी वही असतेच. मार्ग, हवामान, यंत्रांची स्थिती आणि घडलेले प्रसंग यांची वेळेनिशी नोंद तीत केली जाते.

संगणकाच्या इतिहासातही नोंदवहीचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत 'हार्वर्ड मार्क २' या यंत्रात बिघाड झाला. शोध घेता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. काम करणाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावर चिकटवून शेजारी टिपण लिहून ठेवले. ग्रेस हॉपर या विदुषी त्या यंत्रावर काम करणाऱ्या गटात होत्या. ते पान आजही वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. बिघाडाचे कारण, त्याची वेळ आणि पुरावा ही तिन्ही एकाच पानावर कशी असावीत, याचा हा उत्तम नमुना होय.

पुढे ही नोंद माणसाऐवजी यंत्र स्वतःच करू लागले. १९८० नंतरच्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी 'सिसलॉग' ही पद्धत तयार केली. १९९३ मध्ये आलेल्या 'विंडोज एनटी' या प्रणालीत घटनांची नोंदवही अंगभूत होती. आज कार्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या विंडोज १० व ११ या प्रणालींत तीच नोंदवही सुधारलेल्या स्वरूपात आढळते. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असली, तरी तिच्यावर चालणाऱ्या यंत्रांतील नोंदवही पूर्वीप्रमाणेच वाचता येते.

नोंदवही कशी उघडावी

विंडोज संगणकावर 'स्टार्ट' बटन दाबून शोधपट्टीत 'इव्हेंट व्ह्यूअर' असे टंकलिखित केले की ही नोंदवही उघडते. डाव्या बाजूस 'विंडोज लॉग्ज' या शीर्षकाखाली 'सिस्टिम' हा विभाग असतो. संगणक सुरू होणे, बंद होणे व यंत्रभागांतील बिघाड यांच्या नोंदी या विभागात सापडतात. प्रत्येक नोंदीला दिनांक, वेळ, नोंद करणाऱ्या घटकाचे नाव आणि एक क्रमांक असतो. नोंदी हजारो असल्यामुळे उजवीकडील 'फिल्टर करंट लॉग' या सोयीचा उपयोग करावा आणि हवे तेवढेच क्रमांक स्वल्पविराम देऊन लिहावेत.

लक्षात ठेवण्यासारखे मुख्य क्रमांक पुढीलप्रमाणे आहेत :

१०७४ : कोणी तरी किंवा कोणत्या तरी कार्यक्रमाने रीतसर आज्ञा देऊन संगणक बंद केला अथवा पुन्हा सुरू केला. आज्ञा देणाऱ्या कार्यक्रमाचे व वापरकर्त्याचे नाव या नोंदीत असते.

६००५ व ६००६ : नोंदवही अनुक्रमे उघडली व मिटली. रीतसर रीस्टार्ट झाला असता ही जोडी दिसते.

६००८ : मागील वेळी संगणक अनपेक्षितपणे बंद पडला होता.

४१ : 'कर्नल-पॉवर' या घटकाची नोंद. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला.

१००१ : 'बगचेक' या नावाने येणारी नोंद. पडद्यावर बिघाडाची सूचना येऊन प्रणाली थांबली.

४२ व १०७ : संगणक निद्रावस्थेत गेला व तिच्यातून परत आला. पुष्कळदा पडदा काळा झाला म्हणजे संगणक बंद पडला असे समजले जाते, परंतु तो केवळ निजलेला असतो.

यांपैकी ४१ व ६००८ या नोंदींविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एकाएकी वीज गेलेल्या संगणकाला आपले बंद पडणे लिहून ठेवण्यास अवधीच मिळत नाही. पुढच्या वेळी तो सुरू होतो तेव्हा मागचे पान अर्धवट राहिल्याचे त्याला आढळते आणि मग तो ही नोंद करतो. अर्थात ४१ या नोंदीपुढील वेळ ही संगणक बंद पडल्याची नसून पुन्हा सुरू झाल्याची असते. बंद पडल्याची अदमासे वेळ ६००८ या नोंदीच्या मजकुरात मिळते, आणि तीही काही मिनिटे मागेपुढे असू शकते.

एका आठवड्याचे उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एका ग्रामपंचायत कार्यालयाचे कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एकाच आठवड्यात तेथील संगणक सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी बंद पडला. घरपट्टी भरण्यासाठी आलेल्या लोकांना परत जावे लागले. कंत्राटी पद्धतीवर नेमलेल्या संगणकचालक मुलीने काम टाळण्यासाठी संगणक मुद्दाम बंद केला, अशी तक्रार सरपंचांकडे गेली आणि तिला खुलासा विचारणारा मेमो तयार झाला. तिच्या नेमणुकीची मुदत महिनाअखेर संपत होती. पंचायत सचिवांनी मेमो देण्यापूर्वी नोंदवही पाहावयाचे ठरविले.

सोमवार : १०७४ ही नोंद दुपारी १२ वाजून १० मिनिटांची होती. म्हणजे संगणक आज्ञेनुसार पुन्हा सुरू झाला होता. तथापि, आज्ञा देणाऱ्या वापरकर्त्याच्या जागी त्या मुलीचे नाव नव्हते. तेथे 'एनटी अथॉरिटी' या खात्यातील 'सिस्टिम' असा उल्लेख होता आणि कार्यक्रमाच्या जागी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' हे नाव होते. याचा अर्थ असा की, प्रणालीने स्वतःची सुधारित आवृत्ती बसविण्यासाठी रीस्टार्ट केला. यात माणसाचा हात नव्हता. यावरील उपाय सोपा आहे. 'विंडोज अपडेट'च्या विभागात 'ॲक्टिव्ह अवर्स' म्हणजे कामाचे तास नेमून दिले असता त्या वेळेत प्रणाली आपण होऊन रीस्टार्ट करीत नाही. हे तास जास्तीत जास्त १८ ठेवता येतात.

बुधवार : येथे ४१ व ६००८ अशा दोन नोंदी होत्या. ४१ या नोंदीचा 'डिटेल्स' हा भाग उघडला असता 'बगचेक कोड' शून्य व 'पॉवर बटन टाइमस्टॅम्प' हेही शून्य आढळले. बगचेक कोड शून्य नसेल तर प्रणालीतच दोष उद्भवला असे समजावे. दुसरा आकडा शून्य नसेल तर कोणी तरी बटन दाबून धरल्याचे ते चिन्ह असते. दोन्ही शून्य असतील तर बहुधा वीजपुरवठा खंडित झालेला असतो किंवा यंत्र जागीच गोठलेले असते. ६००८ या नोंदीत ११ वाजून ४१ मिनिटे ही वेळ होती. त्या सुमारास कार्यालयातील पंखे व दिवेही बंद झाले होते, असे सर्वांनीच सांगितले. वीज खात्याच्या उपकेंद्राकडे चौकशी करता तेथील वहीत ११ वाजून ४२ मिनिटांनी फीडर बंद पडल्याची नोंद मिळाली. दोन स्वतंत्र नोंदवह्या एकमेकींशी जुळल्या की शंकेला फारसा वाव राहत नाही.

मात्र, वीज गेली तरी यूपीएसच्या आधारे संगणक काही मिनिटे चालू राहावयास हवा होता. तपासणीत यूपीएसची बॅटरी निकामी झाल्याचे आढळले. यूपीएसमधील शिशाची बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षांत क्षीण होते. यूपीएसचा दिवा लागतो म्हणजे बॅटरी धड आहे, असे मानणे चूक आहे. कामे जतन करून, सर्व फायली मिटवून, महिन्यातून एकदा मुख्य वीज बंद करून पाहणे हीच तिची खरी परीक्षा होय.

शुक्रवार : या दिवशी दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी संगणक बंद पडला. पुन्हा सुरू केल्यावर तो पंचवीस मिनिटे चालला आणि तिसऱ्या खेपेस केवळ बारा मिनिटे. नोंदी बुधवारसारख्याच होत्या व दोन्ही आकडे शून्य होते. परंतु या वेळी पंखे व दिवे चालू होते. कारण एकच असते तर लक्षणेही सारखीच असावयास हवी होती. मग फरक कशाचा होता? बंद पडण्यातील अंतर दर वेळी कमी होत होते. सुरू केल्यावर यंत्र पूर्ण थंड होण्यापूर्वीच पुन्हा तापत होते, असा तर्क यावरून निघतो. बहुतेक प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आपली गती कमी करतात आणि त्याउपर तापले तर यंत्र बंद होते. काही संगणकांत अतिउष्णतेची स्वतंत्र नोंद होते, काहींत होत नाही. येथे ती नव्हती. पेटी उघडून पाहता प्रोसेसरवरील पंख्यात धूळ व दमट हवेने धरलेला मळ यांचा थर साचलेला दिसला. विजेची जोडणी काढून पंखा स्वच्छ केल्यानंतर पुढील पंधरा दिवसांत ४१ ही नोंद एकदाही आली नाही. उपाय बरोबर होता की नाही, हेही अशा प्रकारे नोंदवहीच सांगते.

एकाच आठवड्यातील तीन प्रसंगांची तीन वेगवेगळी कारणे निघाली आणि त्यांपैकी एकही संगणकचालक मुलीच्या कसुरीचे नव्हते. मेमो फाइलमध्येच राहिला.

वेळेचा घोटाळा

याच उदाहरणात आणखी एक प्रसंग उद्भवला. बुधवारच्या ४१ या नोंदीच्या तपशिलाची प्रत एका सदस्यांनी छापून घेतली. तीत वेळ ६ वाजून २० मिनिटे अशी होती. कार्यालय साडेनऊला उघडते, मग सकाळी सव्वासहाच्या पुढे संगणक कोणी सुरू केला? किल्ली तर शिपायाकडे असते. साहजिकच त्याच्याकडे बोट दाखविले गेले.

खुलासा असा आहे. तपशिलाच्या 'एक्सएमएल' या स्वरूपात वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार नसते. ती जागतिक समन्वित वेळेनुसार असते आणि तिच्या शेवटी 'झेड' हे अक्षर असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. ६ वाजून २० मिनिटे यांत साडेपाच तास मिळविले की ११ वाजून ५० मिनिटे होतात. वीज ११ वाजून ४२ मिनिटांनी गेली, ती आल्यावर ११ वाजून ५० मिनिटांनी संगणक सुरू करण्यात आला, हाच त्या आकड्याचा अर्थ होता. त्या पहाटे कार्यालयाचे दार कोणीही उघडले नव्हते. पुरावा खरा होता, परंतु वाचन चुकीचे होते. चुकीने वाचलेला पुरावा हा पुरावा नसण्यापेक्षाही घातक ठरतो. शिपायाच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीवर साडेपाच तासांच्या बेरजेअभावी डाग लागला असता.

म्हणून नोंदी वाचण्यापूर्वी संगणकाचे घड्याळ बरोबर आहे की नाही, हे प्रथम पाहावे. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी नाण्याच्या आकाराची बॅटरी, जी बहुधा सीआर २०३२ या जातीची व तीन व्होल्टची असते, संपली म्हणजे यंत्र दर वेळी जुनी तारीख दाखवू लागते. अशा यंत्रातील नोंदींच्या वेळेवर विसंबता येत नाही.

नोंदी जपून ठेवणे

नोंदवहीची पाने अमर्याद नसतात. विंडोजमध्ये 'सिस्टिम' विभागाची मर्यादा, मुद्दाम बदलली नसल्यास, सुमारे २० मेगाबाइट असते. ती भरली की जुन्यांत जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. यास्तव बिघाड झाल्याबरोबर नोंदींची प्रत काढून ठेवावी. उजवीकडील 'सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज' ही सोय त्यासाठीच आहे. मूळ नोंदवही कोणी हेतुपुरस्सर पुसलीच, तर ती पुसल्याची नोंद १०४ या क्रमांकाने नव्या पानावर सर्वप्रथम उमटते. कोणाच्या खात्यातून ती पुसली गेली, हेही तीत दिसते.

लिनक्स प्रणालीवरील संगणकांत, उदाहरणार्थ सी-डॅक या संस्थेने तयार केलेल्या 'बॉस' प्रणालीत, नोंदवहीचे स्वरूप निराळे असले तरी तत्त्व तेच आहे. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा मागील खेपेच्या नोंदी दाखविते. त्या नोंदी व्यवस्थित रीतीने संपल्या असतील तर संगणक रीतसर बंद झाला आणि मध्येच तुटल्या असतील तर तो एकाएकी बंद पडला, असे समजावे. मात्र, काही संगणकांत या नोंदी केवळ तात्पुरत्या स्मृतीत राहतात व बंद होताच नाहीशा होतात. त्या डिस्कवर साठविण्याची व्यवस्था आगाऊ करून घ्यावी.

नोंदवहीच्या मर्यादा

नोंदवही प्रामाणिक असते, तथापि सर्वज्ञ नसते. १०७४ या नोंदीत वापरकर्त्याचे नाव असते. त्या नावाने खरोखर कोण बसले होते, हे तिला ठाऊक नसते. एकच परवलीचा शब्द चौघांनी वापरला तर त्या नावाला अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते स्वतंत्र असावे. तसेच, ६००६ ही नोंद नाही एवढ्यावरून कोणी तार ओढली असा निष्कर्ष काढू नये. विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप' या सोयीत प्रणालीचा गाभा पूर्ण बंद न होता साठवून ठेवला जातो व त्यामुळे ही नोंद गाळली जाऊ शकते. एका नोंदीवरून निर्णय न करता आगेमागे असलेल्या दहा मिनिटांतील सर्व नोंदी क्रमाने वाचाव्यात आणि त्यांची सांगड वीज खात्याची नोंद, हजेरीपट व प्रत्यक्ष पाहणी यांच्याशी घालावी.

कार्यालयांनी काय करावे

प्रत्येक संगणकाजवळ एक साधी कागदी वही ठेवावी. बंद पडल्याचा दिनांक, वेळ, त्या वेळी दिवे चालू होते की नाही, पडद्यावर काय दिसले आणि कोणते काम चालू होते, एवढ्या पाच गोष्टी तीत लिहाव्यात. दुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाला ही वही व नोंदींची प्रत दाखविली की त्याचा वेळ वाचतो आणि नको ते भाग बदलण्याचा खर्चही टळतो. पावसाळ्यापूर्वी यूपीएसची परीक्षा घ्यावी, पंखे स्वच्छ करून घ्यावेत आणि दर काही मिनिटांनी काम जतन करण्याची सवय लावावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून शाळेतील संगणकाच्या मागील आठवड्याच्या नोंदी वाचून घ्याव्यात. निरीक्षण, तर्क आणि पडताळा या विज्ञानाच्या तीन पायऱ्या त्यांना एकाच तासात अनुभवता येतील.

ज्या ग्रामस्थाची खेप फुकट गेली, त्याला "यंत्र बिघडले आहे, उद्या या" एवढेच उत्तर पुरेसे नाही. ते का बिघडले आणि उद्या ते चालेल याची खात्री काय, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. ज्या कर्मचाऱ्यावर ठपका येतो, त्यालाही आपल्या बाजूचा पुरावा मिळण्याचा तितकाच अधिकार आहे. ते उत्तर व तो पुरावा दोन्ही संगणकाच्या नोंदवहीत लिहिलेली असतात. मेमो लिहिण्यापूर्वी दहा मिनिटे काढून ती वाचावी.